पालखीपुढं बोललेलं माप

खडपवाडी, तालुका पोलादपूर
५ मे, सोमवार

तुझं नाव यशराज. आडनाव माझं आहे तेच. पोलादपूर नावाचं एक गाव असतं, त्याच्या वर डोंगरात खडपवाडी असते आणि तिथे साळूबाई नावाची एक म्हातारी राहते. ती तुझ्या बापाची आई. एवढी ओळख पुरे, की कोणाच्या पाठीवर बसून शाळेत जायचास तेही सांगू?

शिमग्याला गेलास तो गेलासच. फोनवर गाठायला जावं तर "आजी, नेटवर्क नाय" म्हणून सुटतोस. कागदाला नेटवर्क लागत नाही, म्हणून हे पत्र. लिहून घेते आहे अंगणवाडीची अक्षदा. ती माझं बोलणं धुऊन, पिळून, शाळेच्या भाषेत वाळत घालते. लोकांचं बोलणं मात्र तोंडातून आलं तसंच लिही, असं तिला बजावलंय. लिहून झालं की ती वाचून दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी मी ते गावकीचं रांधणाऱ्या सारिकाकडून पुन्हा वाचून घेते. दोघींचं जुळलं तरच पाकीट बंद. माझा अक्षदावर विश्वास आहे, पण दोनदा ऐकायला काय जातं?

आता कामाचं. गावकीच्या चुलीवर कोणाचा तरी डोळा आहे.

गेल्या आठवड्यात हैबती वर आला. तोच, आंबेनळी घाटाच्या तोंडाशी ज्याचं मोठं हॉटेल आहे, महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या जिथे मिसळीला थांबतात. टेम्पोतून बारीक तांदळाची पोती उतरवली, गॅसची शेगडी उतरवली, आणि समाजमंदिरात आम्हा म्हाताऱ्यांच्या पंगतीत मांडी घालून बसला. ज्याला स्वतःच्या हॉटेलात बसून जेवायला सवड नाही, तो आमची कुळथाची पिठी दोनदा मागून घेतो. मला तेव्हाच वास आला, आणि तो पिठीचा नव्हता.

"काकी," मला म्हणतो, "या वयात तुम्ही तांदळाचं माप डोक्यावर घेऊन कशाला यायचं? मी हाय ना. दोन वर्षांत माझ्या खोल्या वाढतील, गाड्या वाढतील. धंदा वाढला की तुमची चूल आपसूक चालंल."

"आणि नाय वाढला तर?"

"वाढणारच, काकी."

"काकडीचा वेल पण आषाढात असाच बोलतो रे. दिवाळीत बघ त्याला."

तो हसला. हैबती मनापासून हसतो, हीच त्याची पंचाईत आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

तू विसरला असशील म्हणून सांगते, ही चूल कशी चालते. दरडीच्या वर्षी सगळ्यांची घरं ओली, म्हणून समाजमंदिरात एकच चूल पेटवली. पुढे लोक आपापल्या घरी गेले, आणि ज्यांची पोरं मुंबईला ते आम्ही म्हातारे तिथेच राहिलो. पहिल्या वर्षी नियम होता, दर घरातून रोज एक मूठ तांदूळ. मूठ सगळ्यांची सारखीच. पण हैबतीच्या घरची मूठ त्यांच्या कणगीला कळायची नाही, आणि कोंडाजीच्या घरची मूठ म्हणजे त्या म्हाताऱ्याचं अर्धं जेवण. हे सारखं कसं, असं मी गावकीत विचारलं. दोन बैठका नुसता आरडाओरडा झाला. मग ठरलं की शिमग्याला पालखी दारात आली की दर घराच्या माणसाने दांडीला हात लावून आपलं वर्षाचं माप आपल्या तोंडाने बोलायचं. ज्याची शेती, दुकान, पगार जेवढा, तेवढं माप. भात कमी पिकलं, पुढच्या शिमग्याला माप कमी. कोंडाजीकडे काही नाही, तो म्हणतो, "माझी लाकडं." वाढायचा डाव मात्र सगळ्यांना एकच.

पालखीपुढं खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही. गप्प बसायची एकाची झाली. तुझी पाळी आली, दांडीवर हात ठेवून उभा राहिलास, आणि तोंडातून शब्द नाही. माणसं बघत होती. मग मी बोलले. फक्त एवढंच, की नातू मुंबईत कंपनीत मोठ्या पगारावर आहे, महिन्याला एक पोतं त्याचं. यात रागावण्यासारखं काय होतं? तू पायरीवर उभा राहून म्हणालास, "चारचौघांत माप विचारणं म्हणजे माणसाची इज्जत काढणं." पंगतीला न बसताच सकाळच्या एसटीने गेलास. स्वतःची गाडी असून एसटी. विचारलं तर म्हणे सर्व्हिसिंगला टाकलीय.

आणि आता ऐक. हैबती जाताना मला म्हणाला, "काकी, चारचौघांत माप विचारणं म्हणजे माणसाची इज्जत काढणं." शब्दाला शब्द. तुझं बोलणं हैबतीच्या तोंडात कसं गेलं? तू मुंबई मंडळाचा सेक्रेटरी आहेस, तो हॉटेलवाला आहे. तुमचं काय शिजतंय ते मला कळव. माझ्या चुलीवर शिजत नाही, एवढं नक्की.

तुझी आजी


खडपवाडी
१२ जून, गुरुवार

यशराज,

पत्राचं उत्तर नाही, ठराव मात्र आला.

परळच्या गावकीच्या खोलीत तुमच्या मंडळाची सभा झाली, आणि वाडीत राहणाऱ्यांनी काय खावं हे वाडीत न राहणाऱ्यांनी ठरवलं. तू फोनवरून वाचून दाखवलंस आणि आम्ही समाजमंदिरात बसून ऐकलं. त्या दिवशी नेटवर्क बरं होतं. कोणाकडूनही माप घ्यायचं नाही. तांदूळ आणि गॅस हैबतीचा. बदल्यात समाजमंदिरापुढचं खळं त्याच्या पाहुण्यांच्या तंबूंसाठी. तुझा आवाज वाचताना एकदाही अडखळला नाही. माझ्याशी बोलताना नेहमी अडखळतो.

तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते, तांदूळ चांगला आहे. मी जेवते. भुकेशी माझं भांडण नाही.

पण बघ काय झालं. पहिल्या आठवड्यात माप बंद झालं. दुसऱ्या आठवड्यात भाजी बंद झाली. कोणी सांगितलं नव्हतं भाजी आणू नका म्हणून. पण हैबती एवढं देतोय, तिथे आपलं एक पडवळ काय घेऊन जायचं, असं प्रत्येकाला वाटलं. मग लाकडं बंद, कारण गॅस आहे. जुनी चूल उकरून काढली आणि तिच्या जागी सिलिंडर उभा केला. दारावर पाटी लागली. त्यावर हैबतीचं नाव आहे, असं अक्षदा म्हणते. मला काय, मला तिथे फक्त त्याचा फोटो दिसतो.

सारिका अजून रांधते. पण तिचं तोंड उतरलंय. "आजी," मला म्हणते, "पहिलं मी सगळ्यांची व्हते. कोणी माप कमी आणलं तरी मी वरडायची, कोणी माझ्या भातावर वरडायचा. आता त्या हॉटेलचा मॅनेजर फोन करून इचारतो, आज किती माणूस जेवला, भात उरला कसा? मी काय पगारी हाय त्याची?"

"हायस ना. पगार देतो ना तो?"

"देतो. तेच तर."

दुसरी गोष्ट मला उशिरा समजली. माप घेऊन येणारा माणूस येताना शेजारचं दार बघून यायचा. अमक्याचं दार उघडलं नाही, तमक्याकडे धूर नाही, हे चुलीपाशी बोललं जायचं. आता यायचं कारणच नाही, ज्याला येववत नाही त्याच्या दारात डबा जातो. कोंडाजी तापाने पडला आणि ते आम्हाला कळलं कधी? त्याची बकरी ओरडून ओरडून सारिकाच्या अंगणात आली तेव्हा. डबा रोज त्याच्या ओट्यावर पोचत होता बरं का. हैबतीचा पोऱ्या ठेवून निघून जायचा. आदल्या दिवसाचा डबा भरलेला तिथेच आहे, हे त्याला दिसलं नाही. ते बघणं त्याच्या कामात नव्हतं.

तंबूतल्या एका बाईने माझा फोटो काढला. "आजी, हसा ना," म्हणाली. मी म्हटलं, "दात आणायला नातू मुंबईला गेलाय, आला की हसते."

तेव्हा सरळ विचारते. तुझा वाटा कुठे आहे? हॉटेलात, की तंबूत? शिमग्याला तुझे बूट जुने होते आणि तुझी नजर चुकार होती. बूट मुद्दाम घातलेस का, म्हातारीने पोतं मागू नये म्हणून? मोठ्या पगाराच्या माणसाला एका पोत्याचं एवढं जड व्हावं, की त्याने अख्ख्या वाडीचं मापच बंद पाडावं? तुझ्या आईला फोन केला तर ती म्हणाली, "त्याचं त्याला ठाऊक." ही बाई माझ्या पोराशी संसार करून त्याला पोचवेपर्यंत माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. आता तीही आवाज पातळ करून बोलते. तुमच्या त्या दिवा स्टेशनाजवळच्या खोलीत काहीतरी लपलंय. मी इथून वास घेते आहे.

साळूबाई
(या वेळी 'तुझी आजी' लिहू नको असं अक्षदाला सांगितलंय.)


खडपवाडी
१० जुलै, गुरुवार

यशराज,

घाटात दरड आली. बातमी तुझ्यापर्यंत आली असेल, कारण रस्ता बंद झाला की बातमी मोकळी सुटते. महाबळेश्वरकडे एकही गाडी जात नाही. हैबतीच्या हॉटेलात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्यात. त्याची पोरं घरी पाठवली, मॅनेजर साताऱ्याला गेला तो गेलाच. तंबू दुमडले. आणि आमचा तांदूळ आलाच नाही.

पहिला दिवस उरलेल्यावर गेला. मग सिलिंडर संपला. आता तुला वाटेल, त्यात काय, लोक पुन्हा माप घेऊन आले असतील. कोणी आलं नाही. प्रत्येक घराला वाटलं, हैबतीचं आहे, तो काहीतरी करेल. मलाही तसंच वाटलं, मग दुसऱ्यांना काय बोलू? मी माझ्या घरात चहा उकळून पीत बसले आणि कोंडाजी त्याच्या घरात उपाशी पडला. ताप नुकता उतरलेला म्हातारा. सारिका पेज घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही सगळी जेवली असाल." आम्ही सगळी काय करत होतो, तर प्रत्येक जण आपापल्या दाराआड हेच म्हणत होतो.

मग मी समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसले आणि पितळेचं ताट काठीने बडवलं. पावसात आवाज लांब जात नाही, म्हणून जरा जास्तच बडवलं. ताटाला पोचा पडलाय. माणसं आली. कोणाला वाटलं मी गेले, म्हणून आले. आलेत तर आता रिकामं परत जायचं नाही, असं मी म्हटलं. मग कोणी तांदूळ आणला, कोणी टाकळ्याची भाजी खुडून आणली. जुनी चूल उकरलेली, म्हणून सारिका आणि अक्षदा यांनी दगड मांडून, माती लिंपून नवी केली. ओली माती, ओली लाकडं, आणि धुराने सगळ्यांचे डोळे लाल. रडायची ज्याला लाज वाटते त्याने त्या दिवशी रडून घेतलं असणार.

वाढायला सुरुवात झाली तेव्हा दारात हैबती. डोक्यावर इरलं नाही, छत्री नाही. आत येईना.

मी म्हटलं, "ये की रे. आज मांडी घालशील ती दाखवायला की जेवायला?"

"जेवायला, काकी."

"मग आण ताट."

त्याने ताट आणलं. सारिकाने त्याला एक डाव वाढला, आमच्याइतकाच. तो भाताकडे बघत म्हणाला, "काकी, मी फसवलं नाय. मला खरंच वाटलं, धंदा वाढतच जाईल."

"मला ठाऊक हाय रे बाबा. फसवलं असतंस तर मी तुला पिठीसुद्धा वाढू दिली नसती."

"रस्ता उघडला की परत पोती—"

"पोती नको. शिमग्याला ये, दांडीला हात लाव, तुझं माप बोल. जास्त असेल तर जास्त, यंदासारखं असेल तर शून्य. शून्य बोलणाराला पण इथे डाव तोच."

त्याने भात कालवला. कोंडाजी भिंतीला टेकून बसला होता, तो म्हणाला, "लाकडं फोडायला ये उद्या. माझ्या हातात जोर नाय." आणि यशराज, दुसऱ्या दिवशी हैबती आला. चांगली फोडतो. त्याची ती पाटी आम्ही काढून जमिनीवर पालथी टाकली आणि तिच्यावर लाकडं रचली, ओल लागू नये म्हणून. त्यानेच रचली.

म्हणजे चूल पेटली. तुमचा ठराव तुमच्या परळच्या खोलीत सुखाने राहू दे.

हैबतीचा संशय माझ्या मनातून गेला. तुझा नाही गेला. मी त्याला विचारलं, "माझ्या नातवाने तुला यात घातलं, का तू त्याला?" तर तो म्हणाला, "काकी, त्याने एक रुपयाचा वाटा मागितला नाय. फक्त हात जोडून म्हणाला, माप बंद व्हायला पायजे." फायदा नाही तर मग कशासाठी? बिनफायद्याचं कारस्थान मी आजवर पाहिलेलं नाही. फोन उचल.

साळूबाई


खडपवाडी
१९ जुलै, शनिवार

यशा,

कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनावरून वाडीची माणसं आणणाऱ्या दीपकच्या जीपमध्ये मी परवा पुढे बसले होते, महाडला डोळे दाखवायला निघाले होते. तुझ्याबद्दल मी जरा तिखटमीठ लावून बोलत होते. मुंबईचा साहेब, आजीला विसरला, वगैरे. दीपक ऐकून घेत होता. नंतर त्याने जीप बाजूला घेतली.

"आजी, पुरे कर आता."

"का रे? तुझ्या साहेबाला लागतंय का?"

"साहेब कुठला? त्याची कंपनी बंद पडून शिमग्याच्या आधीच महिना झाला व्हता. गाडी बँकवाले घेऊन गेले. तो दिव्यात पार्सलं पोचवतो, मोटारसायकल पण दुसऱ्याची. मला शपथ घातलीय त्याने."

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. "तुला कोणी शिकवलं हे सांगायला?" असं विचारलं. त्याने फोनवर तुझा फोटो दाखवला. पाठीवर तुझ्याच उंचीची पिशवी आणि पायात तेच शिमग्याचे बूट. म्हणजे बूट मुद्दाम घातलेले नव्हते.

मग सगळं उलटून बघितलं. एसटी. पंगतीला न बसणं. तुझ्या आईचा पातळ आवाज. हैबतीपुढे हात जोडणं. तू दांडीला हात लावून उभा होतास आणि खोटं बोलायची तुझी छाती झाली नाही, खरं बोलायचीही नाही. आणि तेवढ्यात एक शहाणी म्हातारी तुझ्या तोंडातलं माप आपल्या तोंडाने बोलून मोकळी झाली. महिन्याला एक पोतं! मग तुझ्याकडे एकच वाट उरली, ती म्हणजे कोणालाच माप बोलायला लागू नये. एका माणसाची लाज झाकायला अख्ख्या वाडीवर हैबतीच्या धंद्याचं पांघरूण घातलंस. ते पावसात टिकलं नाही.

अक्षदा लिहायची थांबली आहे आणि मला म्हणते, "आज्जी, आता माफी माग." मी कशाला मागू? ती कागदाकडे बघून गालात हसते आहे. तिने इथे काही गोडधोड घातलं तर ते माझं समजू नकोस. सारिका तपासणार आहेच.

काल मी गावकीत विचारलं, पालखीपुढं बोललेलं माप मधेच बदलता येतं का? सगळे माझ्याकडेच बघायला लागले. पुढच्या शिमग्यापर्यंत नाही, असाच नियम आहे, आणि तो करताना सगळ्यात मोठ्याने ओरडले होते मीच. तेव्हा कोंडाजी घोंगडीतून तोंड बाहेर काढून म्हणाला, "साळू, दांडीवर हात पोराचा व्हता, तोंड तुझं व्हतं. ते माप त्याला लागू व्हत नाय. त्याने अजून माप बोललंच नाय."

"मग ते एक पोतं कोणाचं?" कोणीतरी विचारलं.

"बोलली तिचं," कोंडाजी म्हणाला. म्हातारा तापातून उठला तो असा. सगळे हसले, आणि सगळ्यात जास्त हैबती. महिन्याला एक पोतं आता माझ्यावर! मी म्हटलं, माझी शेती तुम्हाला ठाऊक आहे, कोंबड्या ठाऊक आहेत, ते पोतं कसं आणायचं तेही तुम्हीच सांगा. बराच वेळ माझी टिंगल करून त्यांनी मला सोडलं. पण एका अटीवर. पुढच्या शिमग्याला मी कोणाच्याही दांडीपाशी उभी राहायची नाही.

तर तुझी जागा मोकळी आहे. शिमग्यापर्यंत थांबायचं तर थांब, आधी आलास तरी पंगतीत बस. इथे आल्यावर तुला कोणी काही विचारलं तर त्याला माझ्याकडे पाठव, माझ्याकडे सुनवायचं पुष्कळ साठलंय. "हात रिकामा" एवढं बोलता आलं की झालं. हैबतीला बोलता आलं, आणि त्याला तर घाटातल्या सगळ्या गाड्यांसमोर मान उंच ठेवायची सवय होती.

आणि नुसता येऊ नकोस, नाहीतर वाटेतच लाजशील. दिव्याच्या बाजारात सुके बोंबील मिळतात, ते वीरला येणाऱ्या कोणाकडे तरी देऊन दीपकच्या हाती आधी पाठव. आज तुला झेपतील तेवढेच घे. चार झेपले तर चार. उसने घेऊन किलोभर पाठवलेस तर मला वासावरून कळेल. पुढच्या शुक्रवारी श्रावण लागतो, त्याच्या आत पोचू देत. आणि माझ्या नावाची वेगळी पुडी बांधू नकोस. सगळे एकाच पिशवीत टाक, सारिका निखाऱ्यावर भाजून, लसूण घालून कुटेल आणि चिमूट चिमूट करून सगळ्यांच्या ताटात पुरवेल.